रणजित देसाई : इतिहासाच्या माजघरात शिरलेला कादंबरीकार

मराठी वाचकाच्या मनातली पेशवाई बखरींनी किंवा दप्तरांनी जितकी घडवली, त्याहून अधिक ती कादंबरीने घडवली आहे. थोरले माधवराव पेशवे हे नाव उच्चारताच थेऊरच्या गणपतीसमोर क्षयाने झिजत पडलेला तरुण आणि त्याच्या उशाशी बसलेली रमाबाई असे जे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचा मूळ आधार ऐतिहासिक कागदपत्रांत असला तरी त्याचा रंग, त्याची करुणा आणि त्यातले संवाद १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वामी' या कादंबरीतून आलेले आहेत. ज्यांनी ती कादंबरी कधी हातात घेतली नाही, त्यांच्यापर्यंतही हे चित्र नाटकातून, दूरदर्शनच्या मालिकेतून, शाळेतल्या शिक्षकांच्या बोलण्यातून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतून पोहोचले आहे. एका लेखकाच्या कल्पनेने एका कालखंडाची लोकस्मृती इतकी व्यापावी, ही घटना मराठीत फार थोड्या वेळा घडली आहे, आणि ती घडवणारे रणजित देसाई हे कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाच्या एका खेड्यातले होते.

कोल्हापूर शहराला पूर्वेकडून लागून असलेल्या उचगावच्या शिवेवरून पुणे–बंगळूर महामार्ग जातो. त्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की कागल, निपाणी आणि संकेश्वर लागते, तेथून गडहिंग्लजकडे वळून नेसरीमार्गे पुढे गेल्यावर ताम्रपर्णी नदीच्या काठी चंदगड तालुक्यातले कोवाड हे गाव येते. गडहिंग्लजहूनच दुसरी वाट आजऱ्याला जाते, आणि ते आजरा म्हणजे 'मृत्युंजय' व 'छावा' लिहिणाऱ्या शिवाजी सावंत यांचे जन्मगाव. अर्ध्या दिवसाच्या प्रवासात संपणाऱ्या या टापूने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मराठीचे दोन सर्वाधिक वाचले गेलेले ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीकार दिले. मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरचा हा मुलूख देसगती, इनामे, वाडे आणि गडकोट यांनी भरलेला असल्यामुळे इथल्या मुलांना इतिहास पाठ्यपुस्तकात भेटण्याआधी गावच्या वेशीवर आणि घराच्या ओसरीवर भेटत असे. या लेखकांची वृत्ती समजून घेताना ही पार्श्वभूमी बाजूला ठेवता येत नाही.

रणजित रामचंद्र देसाई यांचा जन्म ८ एप्रिल १९२८ रोजी कोवाडच्या इनामदार घराण्यात झाला. इनामदार म्हणजे पूर्वीच्या राजवटीने सेवेच्या किंवा सन्मानाच्या बदल्यात ज्यांना गावाच्या किंवा जमिनीच्या महसुलाचा हक्क वंशपरंपरेने दिला, असे घराणे. अशा घरात मानपान, कुळे, देवघर, नोकरचाकर आणि वाड्याचे स्वतःचे एक कडक वेळापत्रक असते, आणि स्वातंत्र्यानंतर कूळकायदा व इनामे खालसा करणारे कायदे आल्यावर हे सारे जग एका पिढीच्या डोळ्यांदेखत मावळत गेले. देसाई यांचे औपचारिक शिक्षण इंटरपर्यंतच झाले, म्हणजे इतिहासाचा पद्धतशीर अभ्यासक्रम त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांच्याजवळ होती ती मावळत्या सरंजामी घराची आतून झालेली ओळख. कोणता माणूस कोणापुढे कसा बसतो, शब्द न उच्चारता नाराजी कशी दाखवली जाते, सासू-सुनेतला अबोला साऱ्या वाड्याला कसा कळतो, हे त्यांना कोणत्याही दप्तरातून शोधावे लागले नाही. शनिवारवाड्यातले प्रसंग लिहिताना त्यांच्या हातात जी सहजता दिसते ती तिथून आली असावी असे मानण्यास भरपूर जागा आहे.

मात्र त्यांच्या लेखनाचा आरंभ पेशव्यांपासून झालेला नाही. 'रूपमहाल' हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९५२ साली आला आणि पहिली महत्त्वाची कादंबरी 'बारी' १९५९ साली. बारी म्हणजे डोंगरातली खिंड किंवा घाटवाट, आणि या कादंबरीचा विषय बेळगावच्या वाटेवरल्या रानात राहणाऱ्या बेरड समाजाचे जगणे हा आहे. जंगल हेच ज्यांचे घर आणि पोट, त्यांच्याभोवतालचे जंगलच नव्या काळात नाहीसे होऊ लागते तेव्हा काय घडते, याचे ते चित्रण आहे. पुढल्याच वर्षी 'माझा गाव' आली. 'स्वामी'च्या तेजात या दोन्ही पुस्तकांकडे दुर्लक्ष झाले, आणि ते अन्यायाचे आहे, कारण 'बारी'तला देसाई हा रोकडा, निसर्गाला नेमका ओळखणारा आणि भावनेला आवर घालू शकणारा लेखक आहे. इतिहासाकडे वळल्यावर त्यांच्या शैलीला जो भरजरीपणा आला, तो त्यांचा एकमेव सूर नव्हता हे या पुस्तकांवरून समजते.

'स्वामी'ने नेमके काय नवे केले, हे कळण्यासाठी तिच्या आधीच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीकडे थोडे पाहावे लागते. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली, ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. हरि नारायण आपटे यांनी 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' यांतून या प्रकाराला प्रौढ रूप दिले, आणि नाथमाधव, वि. वा. हडप आदींनी तो घरोघरी नेला. आपटे यांची मांडणी इंग्रजी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याच्या धर्तीची होती. तीत कथेचा भार बहुधा एखाद्या काल्पनिक घराण्यावर असतो आणि खरा ऐतिहासिक पुरुष काहीसा दूर, पार्श्वभूमीवर उभा असतो. 'उषःकाल'मध्ये शिवाजीमहाराज आहेत, पण वाचक ज्यांच्या सुखदुःखात गुंततो ती माणसे लेखकाने निर्माण केलेली आहेत. या पद्धतीत मोठी सोय असते, कारण काल्पनिक माणसाच्या मनात काय चालले होते हे सांगताना लेखकाला कागदाचा पुरावा द्यावा लागत नाही. देसाई यांनी ती सोय सोडून दिली. ज्याची जन्मतारीख, मोहिमा, पत्रे आणि मृत्यू सर्व नोंदलेले आहेत, असा खरा पेशवा त्यांनी कादंबरीच्या केंद्रस्थानी आणला आणि त्याच्या मनाच्या आत शिरण्याचे धाडस केले. या प्रकाराला चरित्रात्मक कादंबरी म्हणतात, आणि 'स्वामी'नंतरची जवळजवळ सगळी मराठी ऐतिहासिक कादंबरी याच वाटेने गेली. ना. सं. इनामदार यांची 'झेप' १९६३ साली आली, त्यानंतर 'झुंज', 'मंत्रावेगळा' आणि 'राऊ', आणि बरेच पुढे, १९८८ साली, विश्वास पाटील यांची 'पानिपत'.

माधवरावाची निवड करण्यात देसाई यांची मोठी सूक्ष्मदृष्टी होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. जुलै १७६१ मध्ये पेशवेपदाची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचा मुलगा माधवराव अवघ्या सोळा वर्षांचा होता. खजिन्यावर कर्ज होते, निजाम पुण्याकडे डोळे लावून बसला होता, दक्षिणेत हैदरअली वाढत होता, आणि घरात चुलता रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, सत्तेचा वाटा सोडायला तयार नव्हता. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावच्या लढाईनंतर माधवरावाने राज्य दुभंगू नये म्हणून स्वतः चुलत्याच्या छावणीत जाऊन शरणागती पत्करली, आणि पुढे नऊ-दहा महिन्यांच्या आत, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला त्याच मुलाने निजामाच्या फौजेचा पराभव केला, ज्यात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्यानंतर हैदरावरच्या मोहिमा झाल्या, १७६८ मध्ये धोडप येथे राघोबाचा पाडाव करून त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले, उत्तरेत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसला आणि १७७१ मध्ये महादजी शिंदे व इतर सरदारांनी दिल्ली ताब्यात घेऊन शाहआलमसाठी तख्ताची वाट मोकळी केली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचा निःस्पृह न्याय आणि वेठबिगारीला घातलेला आळा हीही याच कारकिर्दीची ओळख. आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, थेऊर येथे राजयक्ष्म्याने, म्हणजे आज ज्याला क्षयरोग म्हणतात त्याने, माधवरावाचा अंत झाला. मराठ्यांच्या राज्याला पानिपतापेक्षाही या तरुणाचा अकाली मृत्यू अधिक घातक ठरला, अशा अर्थाचा अभिप्राय ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने दिला आहे, आणि त्यानंतरच्या इतिहासकारांनी तो फारसा खोडून काढलेला नाही.

या चरित्रात शोकांतिका आधीच तयार आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु तीच गोष्ट दोन प्रकारे सांगता आली असती. एक वाट राज्यकारभाराची होती. तीत कर्जाची फेड, सावकारांशी वाटाघाटी, सरदारांचे सरंजाम, तह आणि त्यांची कलमे हे सारे आले असते. कोल्हापूरच्या वाचकाला जवळचे एक उदाहरण द्यायचे तर, डिसेंबर १७६० मध्ये कोल्हापूरचे संभाजीमहाराज निपुत्रिक वारल्यावर हे राज्य साताऱ्यात विलीन करावे असा नानासाहेबांचा विचार होता, महाराणी जिजाबाईंनी त्याला निश्चयाने विरोध केला, आणि माधवरावाच्या कारकिर्दीच्या आरंभी, १७६२ मध्ये, दत्तकाला मान्यता मिळून कोल्हापूरची गादी टिकली. करवीरच्या दृष्टीने याहून मोठी घटना त्या दशकात दुसरी नाही. तसेच मिरजेचे. आळेगावनंतर राघोबाने मिरजेवर चाल करून गोपाळराव पटवर्धनांना दुखावले, गोपाळराव निजामाला जाऊन मिळाले, आणि नंतर माधवरावाने पटवर्धनांना पुन्हा जवळ केले. हा सगळा पत्रव्यवहार मिरजेला राहून वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत छापून ठेवला आहे, आणि माधवरावाच्या काळासाठी तो अस्सल खजिना आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात संपादित केलेले 'पेशवे दप्तर'चे ४५ खंडही कादंबरीकारापुढे होते. दप्तर म्हणजे सरकारी कागदांचा संग्रह, आणि त्यातली पत्रे बहुधा मोडीत, म्हणजे त्या काळच्या जलद लिहिण्याच्या लिपीत, लिहिलेली असत.

देसाई यांनी दुसरी वाट घेतली, आणि ती घराच्या आतल्या दालनातून जाते. 'स्वामी'त लढाया आहेत, पण कादंबरीचे वजन त्या लढायांना निघण्याआधीच्या निरोपावर आणि परतल्यानंतरच्या थकव्यावर आहे. मातोश्री गोपिकाबाईंचा मानी आणि कठोर स्वभाव, चुलत्याविषयी आदर आणि संताप यांत सापडलेला पुतण्या, नवऱ्याचा सहवास कधी पुरेसा न मिळालेली रमाबाई, आणि राजा असूनही एकटा पडलेला तरुण, हे या कादंबरीचे खरे विषय आहेत. यामुळे सामान्य वाचकाला एक दार उघडले. तह, फौजा आणि चौथाई यांतले काही न कळणाऱ्या वाचकालाही, विशेषतः त्या काळच्या स्त्रीवाचकांना, भाऊबंदकी कळत होती, आजारपण कळत होते, सासरचे मौन कळत होते. राज्याची फूट ही घराच्या फुटीतून समजावून सांगण्याची ही रीत इतिहासाच्या दृष्टीने सर्वस्वी चुकीचीही नाही, कारण पेशवाईत घर आणि राज्य यांच्यामध्ये भिंत नव्हती. शैलीच्या बाबतीत देसाई संवादाचे लेखक आहेत. त्यांची प्रकरणे नाटकाच्या प्रवेशांसारखी रचलेली आहेत, आणि पुढे 'स्वामी'चे नाटक व्हावे, १९८७ साली गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली दूरदर्शनवर तिची मालिका यावी, आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव हे चेहरे माधवराव-रमाबाई म्हणून घराघरांत ओळखले जावेत, हे त्या रचनेत अंगभूतच होते. १९६४ साली 'स्वामी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

याच वर्षांत दूर जपानमध्ये जे घडत होते ते कादंबरीने लोकस्मृती व्यापण्याच्या या विषयावर वेगळा प्रकाश टाकते. १९६२ साली, म्हणजे 'स्वामी' आली त्याच वर्षी, शिबा र्‍योतारो या लेखकाची 'र्‍योमा गा युकु' ही कादंबरी 'सांकेई शिंबुन' या दैनिकात क्रमशः येऊ लागली. तिचा नायक साकामोतो र्‍योमा हा तोसा प्रांतातला साधा सामुराई, म्हणजे लढवय्या सेवकवर्गातला तरुण, जपानची जुनी लष्करी राजवट जाऊन नवे राज्य यावे यासाठी धडपडला आणि १८६७ मध्ये ऐन तिशीत मारेकऱ्यांच्या हातून मेला. माधवरावाप्रमाणेच तोही अकाली गेलेला, अपुऱ्या कर्तृत्वाची हुरहुर मागे ठेवणारा पुरुष. आज जपानी माणसाच्या मनातला र्‍योमा हा मुख्यतः शिबा यांचा र्‍योमा आहे, आणि या घडामोडीकडे तिथले इतिहासकार गंभीरपणे पाहतात. शिबा यांची इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी इतकी प्रभावी ठरली की तिला 'शिबा-शिकान', म्हणजे शिबाप्रणीत इतिहासदृष्टी, असे नाव पडले आणि तिच्यावर वाद झाले. महायुद्धात रणगाडा पथकात काम केलेल्या आणि पराभव जवळून पाहिलेल्या या लेखकाने मेजी काळाचे, म्हणजे त्या नव्या राज्याच्या काळाचे, फार उजळ चित्र काढले, असा एक आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. मराठीत इतक्या मोठ्या प्रमाणावर असा वाद देसाई यांच्याविषयी झाला नाही, हे आपल्या समीक्षेचे उणेपण मानले पाहिजे.

जपानी वाङ्मयात ऐतिहासिक कथेचे दोन प्रकार मानले जातात. 'जिदाई शोसेत्सु' म्हणजे जुन्या काळाची पार्श्वभूमी घेऊन रचलेली रंजक कथा, आणि 'रेकिशी शोसेत्सु' म्हणजे खऱ्या ऐतिहासिक घटनेशी व व्यक्तीशी बांधलेली कादंबरी. या दुसऱ्या प्रकाराचा पाया ज्यांनी घातला त्या मोरी ओगाई यांनी १९१५ साली एक छोटा निबंध लिहिला, ज्याचा विषय इतिहास आहे तसा ठेवावा की त्यापासून दूर सरावे हा होता. ओगाई लष्करात उच्च पदावरचे डॉक्टर होते, आणि कागदात असलेले बदलण्याची त्यांना नावड होती. पण इतिहासाला असे चिकटून राहण्यात आपण बांधले जातो, अशी कबुलीही त्यांनी त्या निबंधात दिली आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीकारापुढे नेमका हाच प्रश्न असतो, फक्त त्यावर असे स्पष्ट लेखन आपल्याकडे कमी झाले.

ओगाई यांची आठवण आणखी एका कारणाने होते. 'स्वामी'चा शेवट रमाबाईंच्या सती जाण्याने होतो. माधवरावाच्या मृत्यूनंतर रमाबाई थेऊरला सती गेल्या, ही ऐतिहासिक घटना आहे, देसाई यांनी ती रचलेली नाही. परंतु तिला कादंबरीत जो सूर मिळाला आहे तो प्रेमाच्या परिपूर्तीचा आहे, आणि वाचक ते पान मिटतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी असते, मनात प्रश्न नसतो. आता याच्या शेजारी ओगाई यांची १९१३ सालची 'आबे इचिझोकु' ही दीर्घकथा ठेवावी. धन्याच्या मृत्यूनंतर सेवकाने स्वतःचा प्राण देण्याच्या प्रथेला जपानमध्ये 'जुन्शी' म्हणत. १९१२ मध्ये सम्राट मेजी यांच्या अंत्यविधीच्या दिवशी जनरल नोगी यांनी पत्नीसह आत्महत्या केली आणि ही प्रथा अचानक वर्तमानात आली, तेव्हा ओगाई यांचे ऐतिहासिक लेखन सुरू झाले. 'आबे इचिझोकु'त १६४१ साली कुमामोतोचा सरदार होसोकावा तादातोशी मरतो, त्याच्या अठरा सेवकांना मरणाची परवानगी मिळते, एकाला ती मिळत नाही, आणि परवानगी नसताना जगणेही लाजिरवाणे व मरणेही बेकायदा अशा कोंडीतून त्याचे सारे कुटुंब नष्ट होते. ओगाई प्रथेची निंदा करत नाहीत आणि तिला अश्रूही अर्पण करत नाहीत. माणसे का मरायला तयार होतात, त्यात श्रद्धा किती, लोकलाज किती आणि मागे राहणाऱ्या बायकामुलांच्या तरतुदीचा हिशेब किती, हे ते शांतपणे उलगडून दाखवतात. 'स्वामी'च्या अखेरच्या पानांत ही शांतता नाही. ती पाने मराठी गद्यातल्या अत्यंत परिणामकारक पानांपैकी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी हे बोलणे आवश्यक आहे, कारण सुंदर गद्याने क्रूर प्रथेवर घातलेली शाल वाचकाच्या सहज लक्षात येत नाही.

१९६८ साली आलेली 'श्रीमान योगी' ही देसाई यांची सर्वात मोठी झेप होती. छत्रपती शिवाजीमहाराजांचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्य सुमारे हजार पानांत उभे करणारी ही कादंबरी मराठी घरांत धर्मग्रंथासारखी जपली गेली. इथेही देसाई यांचा मार्ग तोच आहे. जिजाबाईंचा मुलगा, सईबाईंचा नवरा, संभाजीराजांचा बाप, आणि भोवती सारे जमलेले असूनही आतून विरक्त असलेला राजा, असा शिवाजी त्यांना दिसतो. या कादंबरीच्या आरंभी नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेले आहे, आणि ते वाचल्याशिवाय कादंबरीकडे वळणे म्हणजे निम्मे पुस्तक सोडून देणे होय. त्यात कुरुंदकर साधनांची छाननी करतात. बखर म्हणजे जुन्या मराठीतले गद्य इतिहासकथन, पण सगळ्या बखरी एका मोलाच्या नसतात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या काळात लिहिलेली बखर महाराजांना पाहिलेल्या पिढीची आहे, तर चिटणिसांची बखर शंभराहून अधिक वर्षांनंतरची. नंतरच्या बखरकारांनी भरलेला भाग आणि समकालीन पुरावा यांतला फरक कादंबरीकाराने विसरू नये, असा त्या पत्राचा आग्रह आहे. कुरुंदकर यांच्या दृष्टीने महाराजांचे खरे मोठेपण एकेका पराक्रमात नव्हते. राजा गेल्यानंतर, पुढचा राजा मारला गेल्यानंतर, खजिना आणि राजधानी हातची गेल्यानंतरही लोक औरंगजेबाशी पंचवीस-सत्तावीस वर्षे लढत राहिले, असे राज्य ज्याने लोकांच्या मनात रुजवले तो खरा मोठा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या कसोटीवर पाहिले तर 'श्रीमान योगी' कुरुंदकरांच्या प्रश्नांना अंशतःच उत्तर देते, कारण रयत, महसूल, वतनांचा बंदोबस्त आणि आरमाराची उभारणी या राज्य रुजवणाऱ्या गोष्टी व्यक्तिगत भावजीवनापुढे मागे पडतात. तरीही आपल्या कादंबरीची इतकी कठोर कसोटी आपल्याच ग्रंथाच्या पहिल्या पानांवर छापणारा लेखक विरळा, आणि या एका कृतीसाठी देसाई यांचे श्रेय मोठे आहे.

पुढच्या काळातले लेखन विपुल असले तरी त्यात चढउतार आहेत. १९७३ साली, ज्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी कर्णावरची 'राधेय' आली. आजऱ्याच्या शिवाजी सावंत यांची कर्णावरचीच 'मृत्युंजय' १९६७ साली आलेली होती, तेव्हा ते कोल्हापूरच्या राजाराम प्रशालेत शिक्षक होते. सावंत यांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांच्या तोंडून कथा सांगितली, आणि या तंत्रामागे कोल्हापुरातच राहणाऱ्या वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति'ची सावली दिसते. 'राधेय' आटोपशीर, अधिक उदास आणि अधिक बंदिस्त आहे. कोल्हापूर जिल्ह्यातच घडलेल्या जुलै १६६०च्या पन्हाळा–विशाळगड प्रसंगावरची 'पावनखिंड' ही छोटी कादंबरी, १९८४ सालची 'राजा रविवर्मा', 'हे बंध रेशमाचे' आणि 'गरुडझेप' ही नाटके, तसेच संगीताच्या जगाभोवती गुंफलेल्या कथा, असा त्यांचा पसारा आहे. 'राजा रविवर्मा'त चित्रकाराच्या निर्मितीची तगमग पकडण्याचा प्रयत्न आहे, आणि पेशवे-छत्रपतींच्या बाहेर पडून केलेला हा प्रयत्न त्यांच्या उत्तरकाळातला सर्वात ताजा वाटतो. ६ मार्च १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वाड्याच्या आतल्या जगाचे चित्रण करणाऱ्या या लेखकाविषयी लिहिताना त्याच वाड्याविषयी लिहिल्या गेलेल्या दुसऱ्या पुस्तकाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओतून ऐतिहासिक चित्रपटांची परंपरा उभी करणारे भालजी पेंढारकर यांच्या कन्या माधवी देसाई या रणजित देसाई यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांचे 'नाच गं घुमा' हे आत्मकथन मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत महत्त्वाचे मानले जाते. रमाबाई आणि सईबाई यांची मूक सोशिकता ज्या कादंबऱ्यांनी काव्यमय केली, त्यांच्या शेजारी एका बोलत्या स्त्रीचे हे पुस्तक ठेवून वाचले म्हणजे दोन्हींचे अर्थ वाढतात.

देसाई यांच्या कादंबऱ्या पुढेही वाचल्या जातील, आणि जाव्यात. आज ऐतिहासिक व्यक्तींविषयीचे वाद सभांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून पेटतात, तेव्हा अनेकदा दोन्ही बाजूंचा पुरावा म्हणजे एखाद्या कादंबरीतला संवाद असतो, जो त्या व्यक्तीने कधी उच्चारल्याची नोंद कोठेही नाही. हा दोष कादंबरीकाराचा नाही. त्याने पुस्तकावर कादंबरी असेच लिहिलेले आहे. दोष वाचण्याच्या सवयीचा आहे, आणि तो सुधारण्याची सोय उचगाव-कोल्हापूरच्या वाचकाला हाताशी आहे. 'स्वामी' संपवल्यावर त्याच वर्षांची पटवर्धनांची पत्रे खऱ्यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त पाहावीत, 'श्रीमान योगी'आधी कुरुंदकरांचे पत्र आणि नंतर सभासदाची छोटीशी बखर वाचावी. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर शहरात आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानाचे मोडी कागद जपून ठेवलेले आहेत. मोडी शिकलेल्या तरुणांची तिथे गरज आहे, आणि ही लिपी नेटाने अभ्यास केल्यास काही महिन्यांत वाचता येऊ लागते.